दान्तेच्या ‘स्वर्गा’तील तीन क्रियापदे

१९२१ साली दान्ते अलिगिएरीच्या मृत्यूला सहाशे वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी त्याच्याविषयी दोन अगदी भिन्न प्रकृतीची लिखाणे प्रसिद्ध झाली. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ३० एप्रिल रोजी ‘इन प्रेक्लारा सुम्मोरुम’ हे परिपत्रक काढले आणि दान्तेच्या प्रतिभेला सर्वांत मोठे बळ त्याच्या श्रद्धेपासून मिळाले, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी बेनेदेत्तो क्रोचे या सौंदर्यमीमांसकाचे ‘ला पोएझीआ दि दान्ते’ हे पुस्तक आले. क्रोचेचे म्हणणे नेमके उलट होते. दान्तेच्या महाकाव्यात ईश्वरशास्त्राचा जो भव्य सांगाडा आहे तो वेगळा आणि त्यावर जागोजागी फुललेले काव्य वेगळे. रसिकाने सांगाडा बाजूला ठेवावा आणि काव्य वेचावे. दोघांचेही नाव बेनेडिक्टच, हा योगायोग मोठा गंमतीचा. पुढे शंभर वर्षांनी, २५ मार्च २०२१ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी ‘कान्दोर लुचिस एतेर्ने’ या पत्रातून दान्तेला आशेचा संदेष्टा म्हणून गौरविले. परंतु क्रोचेने उभा केलेला प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. श्रद्धेचा आशय थोर असला म्हणजे काव्य थोर होतेच असे नाही, हे आपण आपल्याच धार्मिक पद्यरचनेच्या अनुभवावरून जाणतो.

हा वाद आजवर बहुधा मोठमोठ्या संकल्पनांच्या पातळीवर झाला आहे. प्रस्तुत लेखात तो एका अगदी लहान जागी नेऊन तपासावा असा विचार आहे. ही जागा म्हणजे इटालियन क्रियापदाचा शेवट, जिथे धातूला प्रत्यय येऊन मिळतो.

इटालियन क्रियापदाची घडण मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याप्रमाणेच तिथेही धातू आणि प्रत्यय अशी व्यवस्था आहे. मूळ रूपाच्या शेवटावरून क्रियापदांचे तीन गण पडतात: ‘आरे’, ‘एरे’ आणि ‘ईरे’. ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. (हा शब्द मुळात ‘पाराबोला’ म्हणजे दाखला, दृष्टांत यावरून आला आहे. येशूच्या दाखल्यांचा शब्द अशा रीतीने साऱ्या इटलीच्या बोलण्याचाच शब्द होऊन बसला!) त्याची वर्तमानकाळातील रूपे अशी: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. कर्त्याचे सर्वनाम उच्चारण्याची गरज पडत नाही. मराठीत ‘बोलतोस’ म्हटले की ‘तू’ कळतो, तसेच ‘पार्ली’ म्हटले की तिथेही कळतो. फरक एवढाच की आपल्या प्रत्ययात पुरुषाबरोबर लिंगही येते, बोलतोस की बोलतेस हे ठरवावे लागते. इटालियन ‘पार्ली’ला त्याची पर्वा नाही. एका स्वरात सारा पुरुष सामावलेला असतो.

आता या रूपांचे तुकडे दोन तऱ्हांनी पाडता येतात. व्याकरणकार धातू आणि प्रत्यय वेगळे करतो: पार्ल् + ओ. उच्चार करणारी जीभ मात्र अक्षरे वेगळी करते: पार्-लो. (अक्षर म्हणजे येथे लिपीतील खूण नव्हे, तर एका दमात उच्चारला जाणारा ध्वनिघटक, असे वाचकांनी समजावे.) दोन्ही छेद एका जागी पडत नाहीत. धातूचा शेवटचा ‘ल्’ धातूला सोडून प्रत्ययाच्या स्वराकडे जातो आणि त्याच्याशी एकजीव होऊन ‘लो’ हे नवे अक्षर घडते. ‘पार्-ल्या-मो’, ‘पार्-ला-ते’ यांतही तेच. ‘बोलू’ लिहिताना आपणही हेच करतो. पण आपली लिपी ‘ल्’ आणि ‘ऊ’ यांना एकाच खुणेत बांधत असल्यामुळे तो सांधा डोळ्यांना दिसतच नाही. रोमन लिपीत तो दिसतो, म्हणूनच इटालियन शाळांतून ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा याचे नियम मुलांकडून घोटून घेतले जातात. जोड व्यंजन दोन अक्षरांत विभागावे (कान्-तास्-सी), ‘स’पुढे व्यंजन आले तर दोघांनाही पुढच्या अक्षरात ढकलावे (फि-नी-स्को), इत्यादी. त्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच की इटालियन क्रियापदात ‘क्रिया’ आणि ‘करणारा’ यांची भेट बहुधा एका अक्षराच्या पोटात होते.

या अक्षरांवर आघाताचे राज्य असते. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे रोममध्ये शिकायला गेलेल्या आपल्या मंडळींची पहिली फजिती इथेच होते. ‘पार्लो’चा आघात पहिल्या अक्षरावर ठेवला तर ‘मी बोलतो’. तोच शेवटच्या अक्षरावर नेला की ‘तो बोलला’. अक्षरे दोनच, पण पुरुषही बदलला आणि काळही. ‘पार्लानो’त आघात मागे सरकून ‘पार्’वर बसतो, आणि ‘तेलेफोनानो’ (ते फोन करतात) या शब्दात तर शेवटून चौथ्या अक्षरावर. प्रत्यय लागला तरी आघात कधी धातूवर राहतो, कधी प्रत्ययावर येतो. क्रियेला महत्त्व की कर्त्याला, हे जणू आवाजच ठरवतो.

दान्तेच्या ‘कोम्मेदिया’च्या १४,२३३ ओळी ज्या वृत्तात आहेत ते वृत्त अकरा अक्षरी. अभंगाच्या चरणात आपण सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे मोजतो, तशीच ही मोजणी; मात्र तिथे आणखी एक अट असते. दहाव्या अक्षरावर आघात आलाच पाहिजे. किंबहुना दहावे अक्षर हाच त्या ओळीचा खरा खांब. त्यानंतर सहसा एक निराघात अक्षर येते आणि ओळ मिटते. ओळीच्या शेवटी क्रियापद ठेवले तर खांबावर धातू येतो आणि शेवटच्या हलक्या अक्षरात प्रत्यय. हे सामान्य गणित ध्यानात घेऊन आपण ‘पारादीझो’, म्हणजे ‘स्वर्ग’ या तिसऱ्या भागाच्या नवव्या सर्गाकडे वळू.

त्याआधी दान्तेच्याच एका जुन्या मताची आठवण ठेवलेली बरी. ‘स्वर्ग’ लिहिण्याच्या बऱ्याच आधी, १३०३ ते १३०५ च्या सुमारास, त्याने ‘दे व्हुल्गारी एलोक्वेन्तिआ’ हा लोकभाषेच्या सामर्थ्याविषयीचा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहायला घेतला आणि अर्धाच सोडला. त्यात उच्च काव्याला योग्य शब्द कोणते याची चाळणी लावलेली आहे. उत्तम शब्दांना तो ‘विंचरलेले’ म्हणतो. ते साधारण तीन अक्षरांचे असावेत, त्यांत कर्कश जोडाक्षरे नसावीत, उच्चारताना जिभेवर एक मृदुपणा राहावा. उदाहरणादाखल दिलेल्या त्याच्या छोट्या यादीत प्रेम, सद्गुण, आनंद, तारण अशा अर्थांची नामे आहेत आणि एकच क्रियापद आपल्या मूळ रूपात आले आहे: ‘दोनारे’, देणे. दुसऱ्या वर्गाला तो ‘झिपरे’ शब्द म्हणतो. त्यांतले काही शोभेसाठी चालतात, काही मात्र केवळ नाइलाज म्हणून, कारण त्यांच्यावाचून वाक्यच होत नाही. या नाइलाजाच्या एकाक्षरी शब्दांत ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या शेजारी दान्तेने ‘मे’, ‘ते’, ‘से’ ही सर्वनामे बसवली आहेत. मला, तुला, स्वतःला! चाळणीत अडकलेले, पण फेकून देता न येणारे खडे.

‘स्वर्गा’च्या नवव्या सर्गात कवी शुक्राच्या मंडलात आहे. तिथे त्याला मार्सेयचा फोल्को भेटतो. तारुण्यात प्रेमगीते रचणारा हा कवी पुढे सिस्टर्शियन मठवासी झाला आणि त्यानंतर तुलूझचा बिशप. (आल्बिजेन्सी पंथीयांविरुद्धच्या मोहिमेतील त्याचा इतिहास आज वाचताना अस्वस्थ करतो, पण दान्तेला येथे तो इतिहास नको आहे, त्याला हवा आहे प्रेमाचे रूपांतर झालेला माणूस.) धन्य आत्म्यांना कवीच्या मनातला प्रश्न न विचारताच कळत असतो, कारण ते देवाला पाहतात आणि देवात सगळे दिसते. तरीही फोल्को गप्प आहे. तेव्हा कवी थोड्या अधीरतेने, लाडिक तक्रारीच्या सुरात त्याला जे म्हणतो त्याचा सारांश असा: देव सर्व काही पाहतो आणि तुझी दृष्टी तर देवात शिरलेली; मग माझी इच्छा तुला दिसत कशी नाही? मी जर तुझ्यात शिरू शकलो असतो, जसा तू माझ्यात शिरतोस, तर तुझ्या विचारण्याची मी वाट पाहिली नसती.

सारांशात जे ‘देवात शिरणे’, ‘तुझ्यात शिरणे’, ‘माझ्यात शिरणे’ असे लांबण लावावे लागले, तिथे दान्तेने प्रत्येकी एकच क्रियापद ठेवले आहे आणि तिन्ही त्याने स्वतः घडवलेली आहेत. त्यांची मूळ रूपे ‘इन्लुयार्सी’, ‘इन्तुआर्सी’ आणि ‘इन्मीआर्सी’. ‘इन’ हा ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग. मध्ये ‘लुई’ म्हणजे तो, ‘तू’ म्हणजे तू (हे सर्वनाम आपल्या आणि त्यांच्या भाषेत एकच आहे), ‘मी’ म्हणजे मला. शेवटी ‘आरे’ गणाचा प्रत्यय आणि त्याला चिकटलेले आत्मवाचक ‘सी’. संस्कृतात ज्याला आत्मनेपद म्हणतात तसा काहीसा हा प्रकार: क्रियेचे फळ कर्त्याकडे परत येते. मधला अंश ‘तुओ’, ‘मीओ’ म्हणजे ‘तुझा’, ‘माझा’ या रूपांवरूनही काढता येतो; शेवटचा ‘ओ’ गळला की हाती तेच राहते. ते कसेही घेतले तरी मुख्य गोष्ट बदलत नाही. ज्या सर्वनामांना एकदा झिपरे म्हणून कसेबसे सहन केले होते, त्यांना कवीने येथे धातूचा मान दिला. व्याकरणातले तिन्ही पुरुष, प्रथम, द्वितीय आणि तृतीय, नऊ ओळींच्या अवकाशात क्रियापदे झाले.

या शब्दांकडे आता अक्षर आणि प्रत्यय यांच्या नजरेने पाहू. ‘तू माझ्यात शिरतोस’ यासाठीचे रूप आहे ‘इन्मीई’. त्याची अक्षरे तीन: इन्-मी-ई. पहिले उपसर्ग, दुसरे धातू, तिसरे द्वितीय पुरुषाचा प्रत्यय. एरवी धातूचे शेवटचे व्यंजन प्रत्ययाकडे पळते. येथे धातू स्वरान्त असल्यामुळे पळायला कोणी नाही, आणि व्याकरणाचे छेद व उच्चाराचे छेद दुर्मीळ योगाने एकाच जागी पडतात. ‘मी’ अभंग राहतो आणि त्याला ‘ई’, म्हणजे ‘तू’, येऊन टेकतो. दोन पुरुष शेजारी, मध्ये कोणतेही व्यंजन नाही. शिवाय हा शब्द ओळीच्या शेवटी आहे. म्हणजे दहाव्या, खांबाच्या अक्षरावर आला ‘मी’ आणि अकराव्या, निराघात अक्षरात आला दुसऱ्याचा प्रत्यय. तू माझ्यात किती अलगद शिरतोस, हे सांगण्यासाठी विशेषण वापरावे लागले नाही.

‘मी तुझ्यात शिरलो असतो’ यासाठी मात्र रूप आहे ‘इन्तुआस्सी’. इन्-तू-आस्-सी. येथे प्रत्यय संकेतार्थाचा, जे घडलेले नाही ते घडले असते तर, हे सांगणारा. तो दोन अक्षरांचा आहे, जड आहे, त्याच्या मधोमध जोड ‘स’ची गाठ आहे आणि ती गाठ अक्षरविभागणीत दुभंगते. ‘जर’ आणि ‘मी’ हे शब्दही आधी उच्चारावे लागतात. कारण ‘आस्सी’ हा प्रत्यय प्रथम पुरुषालाही लागतो आणि द्वितीय पुरुषालाही, तो एकटा कर्ता सांगू शकत नाही. शिवाय हे क्रियापद ओळीच्या आरंभी पडले आहे, त्याला खांबाची जागा मिळालेली नाही. मर्त्य माणूस आणि धन्य आत्मा यांच्यातील अंतर ईश्वरशास्त्राच्या ग्रंथात पृष्ठेच्या पृष्ठे व्यापील. दान्तेने ते ‘आस्सी’ आणि ‘ई’ या दोन प्रत्ययांत ठेवले आहे. एकाच ओळीत, एकाच घडणीची दोन क्रियापदे. एक संकेतार्थात अडकलेले, दुसरे सरळ वर्तमानात वाहणारे.

तिसरे रूप, देवाविषयीचे, ‘इन्लुया’. येथे धातू ‘लुई’ आणि प्रत्यय ‘आ’. पण उच्चारात छेद पडतो तो इन्-लू-या असा. ‘लुई’मधला शेवटचा ‘इ’ आपले घर सोडून प्रत्ययाच्या ‘आ’कडे गेला आणि दोघांचे ‘या’ झाले. पाहणाऱ्याची दृष्टी ‘त्याच्या’त शिरते तेव्हा ‘त्या’चा काही अंश तिच्या प्रत्ययात उतरतो! हा अर्थ कवीने योजून ठेवला होता असा माझा दावा नाही. भाषेच्या नियमानेच तसे झाले असते. पण थोर कवी भाषेच्या नियमांना अशा ठिकाणी नेऊन उभे करतो की नियमच बोलू लागतात, एवढे म्हणायला हरकत नसावी. या शब्दाचे यमक जुळले आहे ते ‘अब्बुया’शी. ‘बुयो’ म्हणजे अंधार; ‘अब्बुया’ म्हणजे काळवंडतो. खाली मनातल्या दुःखाने आत्म्याची छाया काळवंडते, वर दृष्टी ‘त्याच्या’त शिरते. दोन्ही क्रियापदे उपसर्ग लावून साधलेली, एक रुळलेले, दुसरे नवे कोरे. रुळलेल्याच्या हाताला धरून नवे क्रियापद वाचकाच्या कानात येते, म्हणून ते विक्षिप्त वाटत नाही.

हे ‘इन’ आले कुठून? योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांसाठी पित्याजवळ जी प्रार्थना करतो, तिच्यात ‘माझ्यामध्ये’ आणि ‘तुझ्यामध्ये’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. व्हल्गेट या लॅटिन पाठात ते ‘इन मे’, ‘इन ते’ असे आहेत: अव्यय आणि सर्वनाम, दोन सुटे शब्द. दान्तेच्या कानात हा लॅटिन पाठ आयुष्यभर घुमत असणार. त्याने त्या दोन शब्दांमधली मोकळी जागा काढून टाकली आणि शेवटी क्रियापदाचा प्रत्यय लावून टाकला. ‘असणे’ची ‘करणे’ झाली. प्रार्थनेत जी एकरूपतेची स्थिती मागितली आहे, ती स्वर्गात चालू क्रिया म्हणून दिसते, आणि प्रत्येक क्रियेला पुरुष आहे, काळ आहे. एकरूप होऊनही कोणाचा ‘मी’ पुसला जात नाही. तो धातू होतो आणि दुसऱ्याचा प्रत्यय अंगावर वागवतो.

क्रोचेच्या मताची कसोटी मला येथे लागलेली दिसते. या तीन शब्दांतून सांगाडा काढून काव्य तेवढे वेगळे ठेवून दाखवा, असे त्याला विचारता आले असते. ईश्वरशास्त्राचा सिद्धांत काढला तर धातूच उरत नाही. काव्य काढले तर उरतो तो लांबलचक सारांश, जो वर मला द्यावा लागला. परंतु परिपत्रकाच्या बाजूनेही हे उदाहरण सरसकट वापरता येणार नाही. श्रद्धा त्या काळी हजारोंजवळ होती. ‘सर्वनामाचे क्रियापद करता येईल’ हे सुचायला अक्षरे मोजणारा, यमकासाठी झटणारा, एकेकाळी सर्वनामांना झिपरे म्हणून बसलेला कारागीरच हवा होता. प्रबोधनकाळात पिएत्रो बेम्बोने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या लोकभाषेवरील ग्रंथात काव्यभाषेचा आदर्श म्हणून पेत्रार्काला निवडले आणि दान्तेला ओबडधोबड, स्वतः घडवलेल्या शब्दांसाठी दोष दिला. बेम्बोचा कान तयार होता यात शंका नाही. पण त्याने शब्द मखमलीवर ठेवून पाहिले, ओळीतल्या खांबावर ठेवून पाहिले नाहीत.

‘स्वर्गा’त अशी घडीव क्रियापदे आणखी बरीच आहेत आणि सगळीच या तोडीची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘पाच’वरून केलेले ‘इन्चिंक्वा’ (शंभरावे वर्ष आणखी पाचपट होणे) मला निव्वळ कसरत वाटते. ‘नील’रत्नावरून केलेले ‘इन्झाफीरा’ सुंदर आहे, पण शोभेचे आहे. चौथ्या सर्गातील ‘इन्दीआ’ वाचून कोणी चमकू नये. त्याचा आपल्या देशाशी संबंध नाही. ‘दीओ’ म्हणजे देव, त्यावरून देवात सर्वांत खोल शिरलेल्या सेराफ दूताविषयीचे हे क्रियापद आहे, आणि त्याचे यमक ‘मारीआ’शी जुळते.

भारताशी खरा धागा आहे तो ‘इम्मिल्ला’चा. अठ्ठाविसाव्या सर्गात देवदूतांची संख्या सांगताना कवी बुद्धिबळाच्या पटाची आठवण काढतो. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांपर्यंत दुप्पट करत जायचे. भारतीय राजाकडून हे बक्षीस मागणाऱ्या चतुर माणसाची ती कथा मध्ययुगात युरोपभर पसरली होती. बेरीज वीस अंकी होते. देवदूत त्याहूनही अधिक, आणि वाढतात ते हजारांनी: ‘मिल्ले’ म्हणजे हजार, त्यावरून ‘इम्मिल्ला’. या ओळीत दोन संख्याधातू समोरासमोर आहेत. एक रोजचा ‘दोप्प्यार’, दुप्पट करणे, दुसरा नवा. मराठी वाचकाला येथे ‘दुणावणे’ आठवेल. संख्येचे क्रियापद करण्याची खोड आपल्या भाषेलाही आहे.

पहिल्या सर्गातले ‘त्रासुमानार’ हे या सगळ्यांत प्रसिद्ध: माणूसपणाच्या पलीकडे जाणे. पूर्ण रूप ‘त्रासुमानारे’, पाच अक्षरी. कवीने शेवटचा ‘ए’ गाळून ते चार अक्षरी केले आणि ओळीच्या आरंभी ठेवले. हे शब्दांनी सांगता येणार नाही, अशी कबुली त्याच वाक्यात आहे. ज्या क्रियेला शब्द नाही तिच्यासाठी शब्द घडवायचा, तो शेवटी तोडायचा आणि मग तो अपुरा आहे असेही सांगायचे! पाझोलीनीने १९७१ साली आपल्या कवितासंग्रहाच्या नावात हाच तोडलेला शब्द वापरला. शुद्धिलोकाच्या सर्गांतला ‘इनुर्बार्सी’, खेड्यातून शहरात येणे, तर आज इटालियन समाजशास्त्राचा सर्रास शब्द आहे. सर्वनामांवरून केलेली तिन्ही क्रियापदे मात्र व्यवहारात उतरली नाहीत. ती उतरण्यासारखी नव्हतीच.

मराठीत हे आणायचे झाले तर? इंग्रजी अनुवादक बहुधा ही क्रियापदे पुन्हा सोडवून ‘तुझ्यात’, ‘माझ्यात’ अशी अव्यये करतात. आपण तसे करण्याची घाई करू नये असे मला वाटते. मराठीजवळ नामधातू घडवण्याची विलक्षण शक्ती आहे: रागावणे, पाणावणे, सुखावणे, स्थिरावणे. दिशा आणि अंतर सांगणाऱ्या शब्दांनाही आपण क्रियापद करतो: खालावणे, मागासणे, दुरावणे. दान्तेहून वयाने लहान पण त्याच्या आधीच, १२९० साली, आपला ग्रंथ सिद्ध करणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या परंपरेने सर्वनामांना भाववाचक नाम केले: मीपण, तूपण. तिथे मीपण विरावे लागते, गळावे लागते. नाम असल्यामुळे ते टाकता येते. दान्तेला ते टाकायचे नाही, चालते ठेवायचे आहे. तेव्हा ‘दुरावणे’च्या चालीवर ‘तुझावणे’ आणि ‘माझावणे’ का होऊ नये? मी जर तुझावलो असतो, जसा तू माझावतोस. प्रथम ऐकताना कान दचकतो. पण ‘माझावतोस’मध्ये पुढे ‘माझा’ आणि शेवटी द्वितीय पुरुषाचा ‘स’ असे दोन पुरुष एका शब्दात येतात. ‘तुझावलो असतो’मध्ये संकेतार्थाचे ओझेही आपोआप येते. ‘मजावणे’ असे जुने रूप अधिक मुरलेले झाले असते, पण त्यातून ‘मजा’ डोकावते! एक लाभ आपल्याला फुकट मिळतो. दान्ते फोल्कोला ‘तू’ म्हणतो. आपल्या पणजोबाच्या वडिलांना, काच्चाग्वीदाला, त्याच स्वर्गात तो आदरार्थी ‘व्होई’ म्हणतो, आणि बेआत्रीचेलाही जवळजवळ शेवटपर्यंत ‘व्होई’च म्हणून एकतिसाव्या सर्गात ‘तू’वर येतो. आदर आणि सलगी यांच्यातली ही पायरी इंग्रजी वाचकाला समजावून सांगावी लागते. देवाला आणि आईला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला नाही.

अडचण येते ती तिसऱ्या क्रियापदाची. ‘इन्लुया’साठी आपल्याजवळ तयार शब्द आहेत, आणि हीच अडचण. तन्मय, तद्रूप, तल्लीन: तिन्हींच्या पोटात ‘तत्’ हे सर्वनामच आहे. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात तर ‘मन्मय’ही आहे. दान्तेने जे कष्टाने घडवले ते संस्कृताने आपल्याला वारशात देऊन ठेवले, असे वाटून अनुवादक ‘तुझी दृष्टी तन्मय होते’ असे लिहून मोकळा होईल. पण ‘तन्मय’ आता फार झिजला आहे. क्रिकेटचा सामनाही आपण तन्मयतेने पाहतो. आणि झीज बाजूला ठेवली तरी ‘तत्’ नपुंसकलिंगी आहे. ते ‘ते’ आहे, ‘तो’ नव्हे. दान्तेचा ‘लुई’ पुल्लिंगी आहे, व्यक्ती आहे, ज्याच्याशी बोलता येते असा आहे. ‘तन्मय’ लिहिले की अर्थ पोचतो, सूर गोड लागतो, आणि एका प्रत्ययाच्या अंतरावर देवाची व्यक्ती निसटून तत्त्व हाती येते. ‘त्यावणे’ म्हणून पाहावे तर ते उच्चारताच कोसळते. ‘त्याच्यात’ असे अव्यय घेऊन पहिल्या क्रियापदापुरती माघार घ्यावी आणि ‘तुझावणे’, ‘माझावणे’ ही जोडी तेवढी राखावी, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो. तसे केल्यास ‘इन्लुया’चे ‘अब्बुया’शी असलेले यमक जाईल, आणि काळवंडणाऱ्या छायेसमोर ती उजळलेली दृष्टी दुसरा एखादा शब्द धरून उभी करावी लागेल.